शाल्मलीचं माणूस

शेजारच्या हसीनाकाकू पिठाच्या हातांनीच दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मनगटावरचा पट्टा थरथरत होता.

"शाल्मली कुठंय?"

"आत आहे. चार दिवस कुणाशी बोलत नाहीये," श्रीरंग म्हणाला. मग त्याचं लक्ष पट्ट्याकडे गेलं.

आता नागपूर असो की नैरोबी, दहा वर्षांचं झालेलं प्रत्येक मूल आपलं एक माणूस निवडत असे. मुलाच्या पट्ट्याने मनाची घुसमट ओळखली, की त्या माणसाचा पट्टा थरथरे. लेकीने आपल्यालाच निवडलं असणार, असं श्रीरंग धरून चालला होता.

"काकू, बाप आहे मी तिचा. घरातच होतो."

"तू लगेच उपाय सांगायला लागतोस, बाळा. मी नुसती ऐकते."

काकू शाल्मलीच्या खोलीत गेल्या आणि दार आतून लागलं. बऱ्याच वेळाने रडणं ऐकू आलं, आणि श्रीरंगला हायसं वाटलं. पट्टा बनवणाऱ्यांनी निवड मुलांवरच सोडली होती; केवढं शहाणपण होतं त्यात.

शाल्मली बाहेर आली. डोळे सुजले होते.

"बाबा, उद्या माझ्याबरोबर शाळेत येशील? पण तिथे काही बोलायचं नाही."

श्रीरंगने तोंड उघडलं, मिटलं आणि नुसती मान डोलावली.