मुलीचा नंबर

"मुलीचा नंबर आठवत नाही. पण तो कसा आहे, ते सांगतो," काउंटर घट्ट धरून आजोबा म्हणाले. "परिपूर्ण आहे."

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग वर केलं. हे गृहस्थ मघापासून दुकानासमोर येरझाऱ्या घालत होते आणि घर कुठे म्हणून विचारलं तर "इथेच तर होतं" एवढंच सांगत होते. म्हणून त्याने घरच्यांचा नंबर विचारला, तर हे भलतंच!

"परिपूर्ण म्हणजे?"

"त्याला ज्यांनी ज्यांनी निःशेष भाग जातो ना, त्या सगळ्यांची बेरीज करायची. तो स्वतः सोडून. उत्तर येतं तोच नंबर. सहाचं बघा. एक, दोन, तीन. झाले की नाही सहा?"

"म्हणजे नंबर सहा आकडी?"

"अहो, आठ आकडी! तिच्या घरच्या फोनचा. आठ आकड्यांत अशी संख्या एकच. म्हणून तर तिला तोच घ्यायला लावला. म्हटलं, हा काही मी विसरायचा नाही."

घड्याळजीच्या सगळं डोक्यावरून गेलं. तरी त्याने कागद-पेन्सिल पुढे केली.

आजोबा एकापासून दुप्पट करत निघाले. दोन, चार, आठ, सोळा. घरचा रस्ता चुकलेला माणूस इथे कुठेच अडखळेना. २०४८ला थांबले, तोवरच्या सगळ्यांची बेरीज केली, ४०९५, आणि दोन्हींचा गुणाकार मांडला. ८३८६५६०.

"आजोबा, हे सातच आकडे झाले."

आजोबांचा चेहरा खर्रकन उतरला. ते भिंतीवरच्या घड्याळांकडे बघू लागले. प्रत्येकात वेगळेच वाजले होते. "मी इथे कशाला आलोय?"

"मुलीचा नंबर हवाय ना आपल्याला," घड्याळजी म्हणाला. त्याला आता फार वाईट वाटत होतं. "बघा बरं, कुठे चुकलं?"

आजोबा पुन्हा कागदावर वाकले. "अरेच्चा! ४०९५ला पाचाने भाग जातो. नाही चालायचं. ती बेरीज अशी हवी, की तिला दुसऱ्या कशानेच भाग जाता कामा नये. आणखी एकदा दुप्पट."

४०९६ गुणिले ८१९१. उत्तर आलं ३३५५०३३६.

घड्याळजीने नंबर लावला खरा, पण त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. फोन लगेच उचलला गेला.

"ताई, एक आजोबा आहेत इथे, माझ्या दुकानात—"

पलीकडे रडूच फुटलं. त्याने गडबडीने पत्ता सांगितला आणि फोन आजोबांच्या हातात दिला.

"बाबा! नंबर आठवला तुम्हाला?"

"आठवला नाही गं. काढला."

ती रडता रडता हसली. "मग आता माझं नाव सांगा बघू."

आजोबांनी कागद सुलटा पाहिला, उलटा पाहिला. मग फोनवर हात ठेवून त्यांनी घड्याळजीला हळूच विचारलं, "नावाला काही रीत असते का हो?"