मुठीजवळचं साल

कॅनडातल्या आमच्या नोव्हा स्कोशियात ज्याला त्याला वाटतं, बर्फावरची हॉकी आपल्याच तळ्यावर जन्मली. शेजारच्या गावाने तर वेशीवर तसा फलकच ठोकला, तेव्हा आमच्या गावच्या समितीचा अध्यक्ष वेंडेल तणतणत मी सांभाळते त्या संग्रहालयात आला. "एल्सी, त्यांच्याकडे जुनी पत्रं आहेत म्हणे! आणि आपण काय, टाळ्या वाजवायच्या?"

आमच्याकडे कुणाच्या तरी माळ्यावर सापडलेली हॉकीची एक काठी होती. जुनी होती, पण किती जुनी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दुपारी मी दार लावून घेतलं. मुठीजवळ तीन वेड्यावाकड्या रेघोट्या होत्या, त्या पॉलिशपेपरने घासून काढल्या आणि तिथे चाकूने साल कोरलं, १८३३.

आता काठी काचेच्या पेटीत आहे, वेशीवर आमचाही फलक आहे. मला मात्र त्या पेटीची काच पुसतानासुद्धा आत बघवत नाही.

काल नदीपलीकडच्या मिकमाव आदिवासींच्या वस्तीतली म्हातारी मॅडलिन आली. पिढ्यान् पिढ्या हॉकीच्या काठ्या कोरणारं तिचं घराणं. काचेला नाक लावून ती कितीतरी वेळ काहीतरी शोधत राहिली.

"काय शोधताय, आजी?"

"आमच्या खापरपणजोबांची खूण गं. मुठीजवळ तीन रेघा मारायचे ते, बदकाच्या पायासारख्या. हात त्यांचाच वाटतोय, पण इथे नुसतं साल आहे. त्या रेघा असत्या ना पोरी, तर काठी कुणाची हे सांगायला सालाची गरजच नव्हती."