कावळ्याचा पाहुणा

रामटेकहून आलेलं पत्र विश्वनाथरावांनी हातातल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं होतं. ते पुस्तक संपलं, त्यानंतरचंही संपलं, खूण पुढे सरकत राहिली. उत्तर काही गेलं नाही.

पत्र वेदिका नावाच्या शिक्षिकेचं होतं. विश्वनाथरावांनी मुंग्यांवर लिहिलेला छोटासा लेख तिने पेपरात वाचला होता. विज्ञान दिनाला शाळेत या, प्राण्यांच्या आणि माणसांच्या डोक्यात काय चालतं त्यावर बोला, अशी विनंती होती. शेवटी एक ओळ होती : 'पुस्तकातलं मुलं वाचतीलच. तुम्ही स्वतः करून पाहिलेलं सांगा.'

या ओळीपाशी गाडी अडली होती. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेली. स्वतः करून पाहिलेलं असं त्यांच्याजवळ होतं काय? शिवाय मुलांसमोर उभं राहायचं. उद्या अर्धा लिटर दूध जास्त द्या, हे दूधवाल्याला सांगायलाही ते आधी मनात वाक्य जुळवून घेत.

म्हणून त्यांनी एक प्रयोग हाती घेतला. कावळा ओरडला की पाहुणा येतो म्हणतात. खरंच येतो का? माणसाचं मन लबाड. आलेला पाहुणा लक्षात ठेवतं, न आलेला विसरतं. एवढं सिद्ध झालं असतं तरी रामटेकला जायला तोंड होतं.

पण प्रयोग उलटाच निघाला.

त्या सकाळीही विश्वनाथराव कुंपणाच्या भिंतीवरच्या तुळशीला पाणी घालून, हात धुऊन घरात आले आणि कावळा ओरडू लागला. त्यांनी दोन कप चहाचं आधण ठेवलं. चहा उकळायच्या आत फाटक वाजलं.

"सर, हाय का घरात?"

शेजारच्या कौसल्याबाई. पदर खोचलेला, हातात चकल्यांचा डबा. आत येताना त्यांनी दाराजवळच्या चपलांवर नजर टाकली, मग मागच्या खोलीत डोकावून पाहिलं. नेहमीसारखंच. घरातला पसारा बघतात, असं वाटून विश्वनाथराव नेहमीसारखेच ओशाळले.

"घ्या नं चकली."

"दात साथ देत नाहीत हो. मला आपलं चहात बुडवलेलं बिस्किट."

"तुमचं म्हणजे काहीच कडक चालत नाही. बोलणं पण मऊ." त्या हसल्या. "बरं, त्या रामटेकवाल्या मॅडमले कळवलं का?"

"प्रयोग फसतोय. कावळा ओरडतो आणि खरोखर कुणीतरी येतं. अंधश्रद्धाच खरी ठरतेय. मुलांना काय सांगू?"

"खरंच हाय ते, तं सिद्ध काय करून राहिले? मले हे सांगा, हा कावळा तुमच्याच भिंतीवर काहून बसते? मी पोळी ठेवते, तं ढुंकून पाहत नाही मेला."

"कावळे माणसाचा चेहरा ओळखतात. वर्षानुवर्षं विसरत नाहीत."

"मग माझ्या चेहऱ्यात काय खोट हाय?"

विश्वनाथराव लाल झाले. "तसं नाही... म्हणजे, तुमचा चेहरा..." पुढचं वाक्य जुळेना. त्यांनी बिस्किट चहात इतका वेळ धरलं की ते तुटून तळाशी गेलं.

कौसल्याबाई खिडकीतून भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "आणि मुंग्या किती झाल्या तिथे. हळद टाका." मग कप खाली ठेवला. "काहो, आज पण नाही आला वाटते."

"कोण?"

"पाहुणा!"

"कुठला पाहुणा?"

"आता घ्या! कावळा ओरडला म्हणजे तुमच्या घरी कोणीतरी येऊन राहिलं. आणि तुम्ही असे. पाहुण्याले बसा म्हणायले तुम्हाले अर्धा घंटा लागन. मग मी येते धावत, म्हटलं चहापाणी पाहावं, दोन शब्द बोलावं. पण मी येते अन् पाहुण्याचा पत्ताच नसते. चपला पाहते, खोली पाहते, कोणीच नाही!"

विश्वनाथरावांनी कप खाली ठेवला. "अहो, म्हणजे पाहुण्या तुम्हीच."

"मी काहून? मी तं शेजारीण हाय."

विश्वनाथराव हसू लागले. आधी गालात, मग मोठ्याने, चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतके. कावळ्याला भविष्य कळत नव्हतं. कावळ्यावर विश्वास ठेवणारी बाई पाहुण्याच्या मदतीला धावत होती आणि स्वतःच पाहुणी होत होती. विश्वासच पाहुणा आणत होता! हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, निदान त्यांच्या ग्रंथालयातल्या तरी नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं होतं.

"काय झालं गा या माणसाले," कौसल्याबाई पुटपुटल्या, पण त्याही हसत होत्या.

"रामटेकला याल माझ्यासोबत? साक्षीदार म्हणून?" वाक्य न जुळवताच तोंडातून निघून गेलं होतं.

"येते की. गडावर दर्शन पण होईन. तुम्ही बोलताना अडकले तं मी हाय."

त्याच दुपारी त्यांनी उत्तर लिहिलं : 'येतो. विषय, कावळा पाहुणा कसा आणतो. सगळं खरं सांगेन. सोबत एक पाहुण्या असतील, त्यांना पुढची खुर्ची द्यावी.' 'सगळं खरं' या शब्दांवर त्यांचं पेन बराच वेळ थांबलं, पण त्यांनी ते खोडले नाहीत.

चौकातल्या लाल पेटीत त्यांनी पाकीट टाकलं, आत पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबले आणि हलक्या पावलांनी परत निघाले.

"ओ काका!" कोपऱ्यावरच्या किराणावाल्या दुर्गेशने हाक मारली. "उद्या दुकान बंद हाय. तुमच्या कावळ्याची रोजची शेव आजच घेऊन ठेवा!"

विश्वनाथरावांनी आधी मागे वळून, रस्त्यावर कौसल्याबाई नाहीत ना ते पाहिलं, आणि मग पिशवी पुढे केली.