बेल वाजवू नका

घरटं रिकामं होतं. चंद्रहास पाताडे स्टुलावर उभे राहून दाढीचा आरसा वर धरून बघत होते. आरशात काटक्यांची वाटी दिसत होती, बाकी काही नाही. कालपर्यंत चोची वासून बसलेली दोन्ही पिल्लं, पाताडे आंघोळीला गेले तेवढ्यात उडून गेली होती. चांगलीच गोष्ट होती. पाताडेंनी मात्र आरसा तिरका करून पुन्हा एकदा पाहिलं.

ते सांभाळून खाली उतरले. समोर दारावर त्यांच्याच हातची पाटी होती. 'घरट्यात पिल्लं आहेत. बेल वाजवू नका. दार हळू वाजवा.'

ही पाटी चिकटवताना त्यांचं त्यांनाच हसू आलं होतं. बेल वाजवणार होतं कोण? चिमणीच्या आवाजाची ती बेल त्यांच्या बायकोने, मीराने हौसेने आणली होती आणि मीरा होती तोवर ती दिवसभर चिवचिवत असायची. भिशीच्या बायका, ब्लाउजला हूक लावून घेणाऱ्या मुली, कढीपत्ता मागायला येणाऱ्या, सगळ्या मीराकडे. मीरा गेली, दिवसकार्य आटोपलं आणि बेल मुकी झाली. लोक वाईट नव्हते. चंदनसारच्या त्या इमारतीतली निम्मी माणसं अंधार असताना मुंबईला निघायची आणि परतल्यावर जेवून आडवी व्हायची. एकट्या म्हाताऱ्याच्या दारात जायचं तर काय निमित्त काढून जायचं? पाताडे स्वतःही कुणाकडे जाणारे नव्हते. बोलायचं खातं मीराने सांभाळलेलं.

मालिका बघणारी गेली म्हणून त्यांनी केबल बंद केली. केबलवाल्याने वायरचं भेंडोळं दाराच्या वर भिंतीवर तसंच लटकत ठेवलं आणि उन्हाळ्यात त्या भेंडोळ्यात बुलबुलाच्या जोडीने घर केलं. पाताडे सुरुवातीला श्वास रोखून दारातून ये-जा करत. मग त्यांनी पॅसेजच्या कठड्यावर करवंटीत पिकल्या पपईचे तुकडे ठेवायला सुरुवात केली. मादी आधी भुर्रकन उडायची, मग उडेनाशी झाली. ते दारात खुर्ची टाकून पेपर वाचत आणि ती हातभर अंतरावरून मान वाकडी करून त्यांच्याकडे बघे. एकदा त्यांनी तिला सांगितलं, "आज भाजीत मीठच घालायला विसरलो बघ." बऱ्याच दिवसांनी घरात माणसाचा आवाज झाला. त्यांना स्वतःलाच दचकायला झालं.

पिल्लं झाली तशी पाटी लागली आणि गंमत अशी की पाटी वाचून लोक यायला लागले. वरच्या मजल्यावरच्या ऋतिकाने एका बोटाने दार वाजवलं आणि कुजबुजली, "आजोबा, दाखवा ना." तिच्यामागून तिची आई अर्धी पपई घेऊन आली. समोरच्या दारातली स्वप्ना तर रोजच येऊ लागली. चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन कराडहून आलेली. नवरा पहाटे जायचा तो रात्रीच उगवायचा. दुपारचा चहा झाला की ती चौकटीला टेकून हळूच विचारी, "उडाली का हो काका?" नाही म्हटलं की तिथेच उभी राहून कराडच्या घरचं, आईचं, म्हशीचं सांगत बसे. पुढे पुढे चहाचे दोन कप आणायला लागली. त्या दारात सगळेच कुजबुजत आणि पाताडेंना त्या कुजबुजीची सवय झाली होती.

आता ती बंद होणार होती. इमारतीला रंग लावायचं काम चालू होतं. सगळा पॅसेज नवा झाला होता, फक्त पाताडेंच्या दारावरची भिंत जुनी राहिली होती. पिल्लं उडाली की वायर, घरटं, पाटी सगळं निघणार, असं सेक्रेटरी जितेशने कधीच सांगून ठेवलं होतं.

दुपारी तो रंगाऱ्याला घेऊनच आला. स्वप्ना दोन कप घेऊन समोरच्या दारातून बाहेर पडत होती.

"काय काका, उडाली का? पेंटरचा आज लास्ट डे आहे. एक हात मारला की झालं."

पाताडेंनी घसा खाकरला. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान लाल होत. तसे ते झाले. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"नाही अजून," स्वप्ना म्हणाली. "आत्ताच चोच दिसली मला."

जितेशने वर बघितलं, भिंतीकडे बघितलं, रंगाऱ्याच्या वैतागलेल्या चेहऱ्याकडे बघितलं. "मग राहू दे तो पॅच. दिवाळीला बघू," म्हणाला आणि दोघे जिना उतरून गेले.

"अगं स्वप्ना, सकाळीच तर—"

"माहितीय मला. माझ्याच किचनच्या ग्रिलवर येऊन बसली होती दोघं. तिथून उडाली."

"मग तू खोटं कशाला..." पाताडेंचा आवाज पॅसेजभर घुमला.

"मला तरी इथे दुसरं दार कुठलं आहे, काका?" तिचे डोळे भरून आले होते. तिने एक कप त्यांच्या हातात दिला, वर रिकाम्या घरट्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. पिल्लं जागी होतील."