बिनविषाचं पाणी

गोंदियाच्या कॉलेजच्या लॅबमध्ये रश्मीने पॉलिमरचे बारीक कण बनवले होते. त्यांच्यातल्या खाचा एका जहाल कीटकनाशकाच्या रेणूच्या मापाच्या होत्या. हे कण भरलेल्या केसासारख्या बारीक काचेच्या नळीत पाण्याचा नमुना घालून वीज सोडली की बाकी सगळं पुढे निघून जायचं, ते विष मात्र खाचांत अडखळत मागे पडायचं आणि स्क्रीनवर त्याची वेगळी रेघ उमटायची.

तुलनेसाठी बिनविषाचं पाणी हवं होतं. तिचे बाबा नागझिऱ्यात गाईड. त्यांनी जंगलातल्या पाणवठ्याची बाटली भरून आणली. "तिथं ना शेती, ना फवारणी."

त्या पाण्यातही रेघ उमटली.

"कण बनवताना वापरलेलं विष आत राहिलं असेल, धुऊन घे," सर म्हणाले. तिने बाबांना त्याच पाणवठ्याची दुसरी बाटली आणायला सांगितली आणि कण धुवायला घेतले. नंतर डिस्टिल्ड वॉटर तपासलं. रेघ नाही. मग बाबांच्या पहिल्या बाटलीतलं पाणी पुन्हा तपासलं. रेघ आली, पहिल्याइतकीच उंच.

शिकारी पाणवठ्यात विष कालवतात, हे तिने बाबांकडूनच ऐकलं होतं. तिने घाईने फोन लावला.

"पाणवठ्यावरच बसून आहो, बाई," बाबा म्हणाले. "आज एक पाखरू बोलून नाही राहिलं इथं."

"बाबा, ते पाणी..."



"लय थंड आहे वं. तुझी बाटली भरली, अन् मीबी पोटभर पिलो."