पूर्ण फेरी

धान कापून झालेल्या बांधीच्या मधोमध पार्वताबाई उभी होती. ड्रोन तिच्या डोक्यावरून घरघरत गेला आणि वळला.

"माय, वर पाहू नको ना!" बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून रीना ओरडली.

रीनाचे दोन्ही अंगठे कंट्रोलरच्या दांड्यांवर होते. एका अंगठ्याने ड्रोन बाजूला सरकवायचा, त्याच वेळी दुसऱ्याने त्याचं तोंड मायकडे वळवत ठेवायचं. एकाने जरा घाई केली की माय चित्राच्या कोपऱ्यात जायची. नागपूरला ड्रोनने शूटिंग करणाऱ्या भूपेंद्र सरांनी साफ सांगितलं होतं, बटण दाबून आपोआप फिरणारा शॉट कोणीही पाठवतो. हाताने घेतलेली एक पूर्ण फेरी पाठव, झटका नको. जमलं तर नागपूरला कामावर ये.

दिवाळीपासून दोघी रोज दुपारी इथे येत. आधी रीनाने मधोमध बांबू रोवला होता. मायच म्हणाली, "बांबू कायले पाहिजे? मी हाय ना." घरात तरी दोघींशिवाय कोण होतं!

आज वारा पडला होता. ड्रोन पुन्हा निघाला. मायच्या मागून इकडच्या प्रतापगडाचा डोंगर सरकला, मग तलावाची पाळ, मग घरं, रिकामा रस्ता, पुन्हा डोंगर. माय चित्राच्या मधून हलली नाही.

रीनाने धुऱ्यावर बसूनच शॉट पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं, 'बढिया. सोमवार से आ जाओ.'

पार्वताबाई धसकटं तुडवत आली. "जमलं का?"

रीनाने शॉट लावून मोबाईल पुढे धरला. पार्वताबाईने पदराची सावली करून पाहिलं. एवढ्या मोठ्या शिवारात एकच बाई. तिचं तोंड सारखं हलत होतं.

"मी का बोलून राहिली होती गं?"

"मले का माहीत, माय? याच्यात आवाज नाही येत."

"तुले बी नाही आला ऐकू?"

"ड्रोन केवढा घरघरते!"

"एवढे दिवस?"

पार्वताबाईने मोबाईल परत दिला. सोमवारचं सांगायला रीनाने तोंड उघडलं.

"हलला थोडासा," माय आधीच म्हणाली. "जमला नाही आज."

रीनाने शॉट पुन्हा लावला. डोंगर, पाळ, घरं, रस्ता. कुठेच हललेला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "हलला."

तिने दुसरी बॅटरी लावली. पार्वताबाई परत बांधीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ड्रोन वर गेला, तसे तिचे ओठ हलायला लागले.

रीनाने ड्रोन होता तिथेच हवेत थांबवला. मग कंट्रोलर हातात धरून ती धुऱ्यावरून खाली उतरली आणि मायचं बोलणं ऐकू येईल एवढ्या जवळ जायला निघाली.