धाकट्याचा जुना बॉयलर

आईने पिशवी भरायला घेतली, तेव्हाच रंगारी काय ते समजला. ती धाकट्याकडे, म्हणजे त्याच्या सख्ख्या भावाकडे, कायमची राहायला निघाली होती.

"तिकडे हवा चांगली आहे रे," ती खोकत म्हणाली. "रागावू नकोस."

राग कसला? त्याचा नुसता जळफळाट झाला. धाकट्याचा शिलाईचा कारखाना आरशासारखा लख्ख. छपरावर सौर पॅनेलं, दारात कुंड्या, भिंतीवर स्वच्छ कारखान्याचं बक्षीस. आणि याच्याकडे कापड रंगवायच्या कढया, कोळशाचा बॉयलर आणि दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर काजळी. रंगवलेलं कापड सगळं धाकट्याकडेच जायचं, पण बक्षीस घेताना त्या पठ्ठ्याने भावाचं नावही काढलं नाही. वर नाकाने कांदे सोलत म्हणाला, आमच्याकडे कोळशाचा खडासुद्धा जळत नाही. अरे, जळेल कसा? रंगवायच्या कामासकट तुझा जुना बॉयलर तूच माझ्या गळ्यात मारलास ना!

ते आठवलं की रंगाऱ्याला स्वतःचीच लाज वाटायची. बॉयलर घेतला त्या दिवशी तो आईला मुद्दाम दाखवायला घेऊन गेला होता. आईने त्यावर हात ठेवला होता. "आता तूही मोठा झालास," म्हणाली होती.

आता मात्र तो हट्टाला पेटला. धाकट्याला जमतं ते मला का नाही? त्याने कढया बंद केल्या. रंगवायचं काम नदीपलीकडच्या एका होतकरू माणसाला दिलं आणि बॉयलरही त्यालाच विकला. स्वतःकडे ठेवलं फक्त घड्या घालून माल पाठवायचं काम. छपरावर पॅनेलं बसली, तीही धाकट्याच्या नाकावर टिच्चून दोन जास्त. मग आईला निरोप धाडला, आता इथलीही हवा चांगली झाली, परत ये. आई रविवारी येते म्हणाली.

बॉयलर न्यायला ट्रक आला, तेव्हा रंगारी दारात शीळ घालत उभा होता. नवा मालक टुणकन उतरला. मग त्याने वर हात देऊन एका म्हातारीला जपून खाली घेतलं. आईला बॉयलर दाखवायला आणलं, असं लाजत म्हणाला.

म्हातारीने बॉयलरवर हात ठेवला. लेकाकडे पाहून ती हसली. रंगाऱ्याची शीळ बंद पडली.

"आता तूही मोठा झालास," ती म्हणाली.